मांजराची विषाणू-चाचणी आणि लसीकरण: नाशिकमधल्या नव्या मांजरपालकांसाठी

सिडकोत जिन्याखाली सापडलेलं पिल्लू असो की पैसे मोजून आणलेलं पर्शियन, घरात आल्या आल्या बहुतेक जण थेट लस टोचायला निघतात. क्रम मात्र वेगळा आहे: आधी वेगळं ठेवायचं, मग चाचणी, मग जंताचं औषध आणि त्यानंतर लस. हा क्रम उलटला की लस वाया जाते, किंवा आजारी मांजर घरातल्या धडधाकट मांजरात मिसळतं.

आजार कोणते, ते आधी पाहू. पॅनल्यूकोपेनिया, ज्याला सगळे एफपीव्ही म्हणतात, हा पिल्लांचा सगळ्यात मोठा मारेकरी. उलट्या, जुलाब, ताप, पाण्याच्या भांड्यापाशी मान टाकून बसणं, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. हर्पिस आणि कॅलिसी हे दोन विषाणू मिळून कॅट फ्लू करतात: शिंका, चिकटलेले डोळे, जिभेवर फोड. रेबीज सगळ्यांना माहीत आहे. या चारांवर लस आहे आणि ती आपल्याकडे मिळते. त्याशिवाय एफईएलव्ही म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया आणि एफआयव्ही म्हणजे मांजरांचा एड्स. यांच्यासाठी रक्ताची चाचणी करायची असते. एफईएलव्हीची लस जगात आहे, पण आपल्याकडच्या दवाखान्यांत ती सहसा ठेवत नाहीत. म्हणून या दोघांच्या बाबतीत चाचणी हाच आपला मुख्य बचाव. हे दोन्ही माणसाला होत नाहीत. शेजारच्या काकूंनी 'मांजराचा एड्स' ऐकून हाय खाल्ली तर त्यांना एवढं सांगा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- झाकण नीट लागणारी मांजराची पेटी. नसेल तर टोमॅटोची दोन रिकामी कॅरेट तोंडाला तोंड लावून केबल टायने घट्ट आवळा, आत जुना टॉवेल घाला. मांजर कापडी पिशवीत किंवा हातात धरून रिक्षात बसू नका. द्वारका चौकातल्या हॉर्नला बिथरलेलं मांजर पुन्हा हाती लागत नाही.
- स्वयंपाकघरातला ग्रॅमवर वजन दाखवणारा काटा
- लसीकरण पुस्तिका. दवाखान्यात फुकट मिळते, नाही दिली तर मागून घ्या.
- एका कागदावर: मांजर कधी आणि कुठून आलं, आधीचे डोस, जंताच्या औषधाची तारीख, भांडणाच्या जखमा, घरात आणखी मांजरं किती
- आधीच्या मालकाकडून किंवा ब्रीडरकडून घेतलं असेल तर मूळ पुस्तिका. फोटोवर विसंबू नका. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही-शिक्का नसलेली नोंद म्हणजे डोस झालाच नाही असं धरा.

१. दोन आठवडे वेगळी खोली

घरात दुसरं मांजर असेल तर नव्याला पहिले १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. संडास-बाथरूमही चालतं, फक्त थंडीत खाली पोतं किंवा पुठ्ठा घाला. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची फरशी पिल्लाला गारठवते आणि दबलेला फ्लू वर येतो. एफपीव्हीची लक्षणं लागण झाल्यावर सहसा २ ते १० दिवसांत दिसतात, म्हणून १४ दिवस.

खाण्याचं भांडं, शी-शूसाठीचा माती भरलेला ट्रे, टॉवेल, सगळं वेगळं हवं. आधी घरच्या मांजराचं करा, मग नव्याचं, आणि बाहेर येताना हात साबणाने धुऊन कपडे बदला. एफपीव्ही बूट-चपलांवर बसूनही येतो. 'आमचं मांजर घराबाहेर जात नाही, त्याला लस कशाला' या म्हणण्यात तेवढ्यानेच दम राहत नाही.

रोज वजन करा. वाढतं पिल्लू एका दिवसात फारसं वाढलं नाही तर चालेल, पण सलग दोन दिवस वजन घटलं तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

२. वय ठरवा, कारण पुढचं सगळं वयावर चालतं

रस्त्यावरच्या पिल्लाचं वय वजनावरून काढायला जाल तर फसाल. अर्धपोटी पिल्लू तीन महिन्यांचं असूनही दोन महिन्यांएवढं भरतं. दात पाहा. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचला. पुढचे बारीक दात सुईसारखे टोकदार आणि इवलेसे असतील तर ते दुधाचे. तिथे जरा रुंद, पांढरेशुभ्र नवे दात उगवताना दिसले तर पिल्लू साधारण साडेतीन ते चार महिन्यांचं आहे. सुळे बदलायला लागले असतील तर पाच महिन्यांच्या आसपास. ही पाहणी डॉक्टरांकडून पक्की करून घ्या आणि पुस्तिकेत 'अंदाजे जन्म' म्हणून तारीखच लिहून टाका. दर भेटीला नवा अंदाज बांधला की डोसांचं गणित कोलमडतं.

३. एफआयव्ही-एफईएलव्ही चाचणी

कोणी करायची? घरात दुसरं मांजर असताना आणलेलं प्रत्येक नवं मांजर, बाहेर हिंडणारा किंवा भांडणारा बोका, वारंवार तोंड येणारं, हिरड्या सुजलेलं, विनाकारण वाळत चाललेलं मांजर. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणून तो भांडकुदळ बोक्यांत जास्त. एफईएलव्ही लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, आईकडून पिल्लांना. म्हणजे प्रेमाने राहणारी मांजरंही तो एकमेकांना देतात.

जाण्याआधी फोन करून विचारा: 'एफआयव्ही-एफईएलव्हीचं कॉम्बो किट आहे का, मुदत कधीपर्यंतची आहे आणि दर काय?' किट महाग पडतं, म्हणून प्रत्येक दवाखाना ते साठवून ठेवत नाही. काही जण मागवून देतात, तेव्हा दोन-चार दिवस हाताशी ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस विचारायला हरकत नाही, पण या चाचणीसाठी बहुधा खासगी दवाखानाच गाठावा लागतो.

रक्त पुढच्या पायातून किंवा मानेच्या शिरेतून काढतात, थेंबभरच लागतं. फ्रीजमधलं किट लगेच वापरलं तर निकाल बिघडू शकतो, ते आधी खोलीच्या तापमानाला यावं लागतं. नेहमीच्या स्नॅप किटचा निकाल १० मिनिटांनी वाचतात. लवकरही नाही आणि तासाभरानेही नाही. प्रत्येक किटची वेळ त्याच्या खोक्यावर असते. निकालाचा फोटो तिथेच काढून घ्या, त्यात कंट्रोलचा ठिपका किंवा रेघ दिसलीच पाहिजे. ती उमटली नसेल तर चाचणी रद्द, मग बाकी काही दिसो.

सगळ्यात जास्त गोंधळ निकालाच्या अर्थावरून होतो, म्हणून हे नीट वाचा.

एफईएलव्हीच्या भागात किट विषाणूचं प्रथिन शोधतं. लागण झाल्यावर ते रक्तात सापडायला साधारण ३० दिवस जातात. एफआयव्हीच्या भागात किट प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, शोधतं, आणि ती तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात. म्हणजे काल भांडणात चावा बसलेल्या बोक्याची आज केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ फक्त 'आधीची लागण नाही' एवढाच. मांजर कुठून आलं हे नक्की माहीत नसेल तर आज एकदा आणि ६० दिवसांनी पुन्हा एकदा चाचणी करा. कॉम्बो किट असल्याने दोन्ही एकाच खेपेत उरकतात.

सहा महिन्यांखालच्या पिल्लात एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर लगेच खचू नका. आई बाधित असेल तर तिची प्रतिपिंडं चिकातून पिल्लात येतात आणि किटला तीच दिसतात. पिल्लू स्वतः बाधित असेलच असं नाही. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासा. एफईएलव्हीला मात्र ही सवलत नाही, ती चाचणी कोणत्याही वयात ग्राह्य.

एफईएलव्ही पॉझिटिव्ह आलं तर एका किटवर निकाल पक्का मानू नका, विशेषतः मांजर ठणठणीत दिसत असेल तर. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत रक्त घेऊन पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवायला सांगा. नमुने बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जातात. नळी गोठवायची नाही, बर्फाच्या पॅकला थेट चिकटवायचीही नाही. मध्ये कागद गुंडाळायचा. शनिवारी नमुना पाठवला तर तो रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतो, म्हणून सोमवार ते बुधवार बरा.

पॉझिटिव्ह म्हणजे मांजराला सोडून देणं किंवा इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं नव्हे. एफआयव्हीची मांजरं घरात, शांत वातावरणात, नसबंदी करून वर्षानुवर्षं नीट जगतात. एफईएलव्हीचं आयुर्मान त्या मानाने कमी, आणि अशा मांजराला निगेटिव्ह मांजरांपासून कायम वेगळं ठेवावं लागतं. दोघांनाही नेहमीच्या लसी लागतातच. मिळत असेल तर मृत विषाणूंची लस घ्यावी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

४. जंताचं औषध

लसीच्या आठवडाभर आधी, वजन करून. दुकानातून कुत्र्याचं औषध आणून अंदाजे पाजू नका. आणि याच ओघात: पिसवांसाठी कुत्र्यांचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावले तर ते झटके येऊन मरू शकतं. तापासाठी पॅरासिटामॉल तर बिलकूल नाही, एक गोळीही जीव घेते.

५. लसीचं वेळापत्रक आणि त्यामागचं कारण

मांजरांची मुख्य लस तीन विषाणूंची एकत्र असते: पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी. दवाखान्यात तिला 'ट्रायकॅट' म्हणतात, नोबिव्हॅक ट्रायकॅट ट्रिओवरून. फेलिजेन सीआरपी हे दुसरं नाव ऐकू येईल. तीच तीन विषाणूंची लस आहे. कुत्र्याची 'नाइन-इन-वन' मांजराला टोचू नका.

आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सुरुवातीला वाचवतात, पण तीच लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. ती कोणत्या दिवशी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं असतं: कुणात आठ आठवड्यांत, कुणात सोळा. म्हणून एकच लस परत परत देतात. ती ताकद वाढवायला देतात असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यातला एक तरी डोस प्रतिपिंडं ओसरल्यावर पडावा, हा तिचा मुख्य हेतू. डोस किती झाले यापेक्षा शेवटचा डोस कोणत्या वयात पडला, हे बघायचं.

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीए, हिच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: ६ ते ८ आठवड्यांत सुरुवात, दर २ ते ४ आठवड्यांनी डोस, शेवटचा १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर. पुढचा डोस वर्षाने देण्यापेक्षा २६ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास; एखाद्या पिल्लात आधीचे सगळे डोस वाया गेले असतील तर ते वर्षभर उघडं राहू नये म्हणून.

आपल्याकडे अनेक ठिकाणी ८ आणि १२ आठवड्यांना दोन डोस देऊन 'आता वर्षाने या' म्हणतात. लसीच्या पत्रकावर तसंच असतं, डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण १२ व्या आठवड्यालाही काही पिल्लांत आईची प्रतिपिंडं शिल्लक असतात. म्हणून नम्रपणे विचारा, 'डॉक्टर, १६ आठवड्यांचा तिसरा डोस देऊ या का?' बहुतेक जण देतात.

तारखांसह उदाहरण: १ जूनला पिल्लू आठ आठवड्यांचं आहे. पहिला डोस १ जून. दुसरा २९ जून, १२ आठवडे. तिसरा २७ जुलै, १६ आठवडे. त्यापुढचा ५ ऑक्टोबरच्या सुमारास, २६ आठवडे. रेबीज १२ आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही, म्हणजे २९ जूनला किंवा २७ जुलैला. त्याचा बूस्टर वर्षाने आणि पुढे पत्रकाप्रमाणे. भारतात तो बहुधा दरवर्षीच देतात, आणि रेबीजच्या बाबतीत काटकसर नको.

मोठं मांजर, लसीचा पत्ता नाही: तिहेरी लसीचे दोन डोस, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजचा एक. पुढे घरात एकटं राहणारं मांजर असेल तर तिहेरी लस तीन वर्षांनी चालते. बाहेर जाणारं, बोर्डिंगला जाणारं किंवा अनेक मांजरांत राहणारं असेल तर फ्लूच्या भागासाठी दरवर्षी.

कुणाला टोचायची नाही: ताप असलेल्याला, नुकतंच उलट्या-जुलाब झालेल्याला, आणि गाभण भाटीला. जिवंत विषाणूंची लस गाभणपणी दिली तर पिल्लांचा मेंदू कच्चा राहतो. पिल्लं जन्मभर डोलत, तोल जात चालतात. चार आठवड्यांखालच्या पिल्लालाही याच कारणाने देत नाहीत.

६. टेबलावर काय पाहायचं

बाटल्या दोन असतात: एकीत तळाशी पांढरट कोरडी चकती, दुसरीत पाणी. त्या तुमच्यासमोर फ्रीजमधून निघाव्यात, समोर मिसळाव्यात आणि अर्ध्या तासात टोचाव्यात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मेडिकलमधून लस घेऊन डिकीत टाकून दवाखान्यात नेणं म्हणजे पाणी टोचण्यासारखं आहे. फ्रीझरमध्ये गोठलेलीही तितकीच निरुपयोगी.

पिल्लू लहान म्हणून अर्धा डोस, ही पद्धत चुकीची. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, पूर्ण डोसच द्यायचा.

जागा विचारा. मांजरांत क्वचित टोचलेल्या जागी कर्करोगाची गाठ होते, म्हणून लस दोन खांद्यांच्या मध्ये टोचण्यापेक्षा पायात, कोपर-गुडघ्याच्या खाली द्यावी असं सांगतात: वेळ पडली तर शस्त्रक्रिया शक्य होते. रीत अशी: तिहेरी लस उजव्या पुढच्या पायात, रेबीज उजव्या मागच्या. कुठे टोचली ते पुस्तिकेत लिहून घ्या. स्टिकर तिथल्या तिथे चिकटवून घ्या, 'नंतर लावतो' म्हटलेलं राहून जातं.

७. टोचल्यानंतर

दवाखान्यातच २०-३० मिनिटं थांबा. तोंड सुजणं, अचानक उलटी, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं यातलं काही दिसलं तर लगेच आत. घरी एक-दोन दिवस झोपाळू, कमी खाणारं, पाय दुखणारं मांजर ही नेहमीची गोष्ट. छोटी गाठ येते, विरघळते. तिच्यासाठी तीन-दोन-एक लक्षात ठेवा: तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा एक महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा तपासायला द्या.

८. पॅनल्यूकोपेनियाचा संशय आला तर

विष्ठेची रॅपिड चाचणी आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दोन्ही करा. कुत्र्यांच्या पार्व्होचं किटही बऱ्याचदा मांजराचा विषाणू पकडतं, मांजराचं वेगळं किट नसेल तर डॉक्टर तेच वापरतात. सीबीसीत पांढऱ्या पेशी पाहा. मांजरात त्या साधारण ५,५०० ते १९,५०० असतात, या आजारात तळाला जातात. किट निगेटिव्ह पण पेशी खाली, तर संशय कायम ठेवा. उलट, गेल्या एक-दोन आठवड्यांत जिवंत लस दिली असेल तर किटवर फिकी रेघ लसीमुळेही उमटू शकते, डॉक्टरांना लसीची तारीख सांगा.

घर धुताना स्पिरिट, डेटॉल, हँड सॅनिटायझर यांनी हा विषाणू मरत नाही, वर्षभर तग धरतो. फिनाईल तर मांजरालाच विष. चालतं ते सोडियम हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात ३० मिलि. आधी साबणाने घाण काढा, मग हे द्रावण दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. गादी, पुठ्ठा, खाजवायचं लाकूड फेकूनच द्या. अशा घरात वर्षभर तरी पिल्लू आणू नका. आणलंच तर सगळे डोस होऊन दोन आठवडे उलटलेलं मांजर.

९. एफआयपीबद्दल थोडंसं

एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. लक्षणं: पोटात पाणी, उतरत नसलेला ताप, पिवळेपणा. यावर 'कोरोना अँटिबॉडी'चा एकच अहवाल दाखवून निदान सांगितलं तर पुढचं विचारा. अनेक निरोगी मांजरांतही ती प्रतिपिंडं असतात. पोटातल्या पाण्याची रिव्हाल्टा चाचणी आणि रक्तातलं अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं प्रमाण बघतात: ०.४ च्या खाली संशय दाट, ०.८ च्या वर कमी. आता जीएस-४४१५२४ या औषधाने मांजरं वाचतात. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा असतो आणि वजन वाढेल तसा डोस वाढवावा लागतो.

१०. मांजर चावलं-ओरबाडलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. मांजर पाळीव असेल तर १० दिवस नजरेखाली ठेवा, पण स्वतःची लस त्यासाठी थांबवू नका.

११. सोसायटीतली मांजरं आणि सुट्ट्या

सोसायटीतल्या मांजरांची नसबंदी करून घेत असाल तर भूल दिलेली असतानाच रक्ताची चाचणी आणि दोन्ही लसी उरका. कानाचं टोक कापून ठेवतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. दुसऱ्या डोसला ते सापडेलच याची खात्री नसते, पण एक डोसही मोठ्या मांजराला बरंच संरक्षण देतो.

दिवाळीत गावी जाणार असाल तर बोर्डिंगवाले पुस्तिका मागतात, आणि लस टोचून दोन आठवडे झालेले नसतील तर चांगली जागा मांजर घेत नाही. दसऱ्याच्या आधी पुस्तिका उघडून पुढची तारीख पाहा. तेव्हाच दवाखान्यात फोन केला तर लस मागवायलाही वेळ मिळतो.